सात अक्षरं

ब्लायनायकडून उतरताना तिसऱ्या वळणावर
रस्त्यावरच लिहिलंय: आराव.
म्हणजे हळू. खाली इंग्रजीत पुन्हा तेच,
जणू एका भाषेत सांगून कुणी ऐकत नाही.

इद्वालनं लिहिलंय ते, कौन्सिलच्या नोकरीत,
उकळत्या पांढऱ्या रंगानं, साचा न वापरता.
उभं राहून बघा: अक्षरं लांबुडकी, सुकलेली,
संध्याकाळच्या सावल्यांसारखी.
गाडीत बसून बघा: नीट बसतात डोळ्यांत.

हेलेद गुडघ्यांवर बसून त्यांवर कागद पसरते,
कोळशानं घासून उमटवून घेते.
मागून मेंढ्यांचा ट्रक येतो, हॉर्न देतो.
ती न वळताच ओरडते, वाचता येत नाही का?

घरी स्क्रीनवर फॉन्ट उभा करायचाय तिला.
हाताशी सातच अक्षरं: ए, आर, एफ,
आणि खालच्या ओळीतली एस, एल, ओ, डब्ल्यू.
बाकीची या सातांच्या हाडांवरून, अंदाजानं.
आरच्या पोटातून पी निघतो, बी निघतो;
ओ चिरला की सी.
जी अडतो. वाय तर रुसूनच बसतो.
आणि तो इथला दुहेरी एल,
जीभ टाळ्याला टेकवून बाजूनं नुसती हवा सोडायची,
तो दोन काठ्यांत कसा मावायचा?

एफचा मधला हात सगळीकडे आखूड.
तिनं वहीत दोन पानं भरली त्यावर:
वेग, उतार, नजरेचा कोन.
मग बापाला विचारलं.
शेवटचं अक्षर ना ते? तो म्हणाला,
रंग संपत आलेला असायचा.

तिनं पानं फाडली नाहीत. हातही लांबवला नाही.

तीस वर्षं हा माणूस रस्त्यांवर लिहीत होता
आणि त्यात तिच्या नावातलं एकच अक्षर, एल.
हे तिला आत्ता, रात्री अडीचला कळतंय.

सकाळी ती त्याला मागच्या दारी नेते,
पाटीच्या दगडाची फरशी आहे तिथं.
एच काढ, म्हणते.
इद्वालला आता वाकवत नाही;
तो काठीच्या टोकाला खडू बांधून घेतो.
एक रेघ. दुसरी रेघ.
मधेच थांबून, डोळे बारीक करून विचारतो,
गाडी कुठून येणार?
इकडून, ती म्हणते, आणि दहा पावलं मागे जाऊन
गार फरशीवर पालथी पडते, हनुवटी टेकवून.
मग तो आडवी रेघ मारतो,
एला मारायचा तशीच,
जरा खाली.