तीनशे चाळीस शब्द

एल्डर बीस्लींना मोजून तीनशे चाळीस शब्द लागत.
तीन मिनिटं. मग ऑर्गन.
मी टाइप करायची, ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडून,
आणि श्वास घ्यायच्या ठिकाणी
तांबड्या पेन्सिलीनं एक टिंब.
रविवारी सकाळी सॉल्ट लेकमध्ये
ते टिंब काटेकोर पाळलं जाई,
आणि नेब्रास्कातली कुणी बाई
भांडी विसळता विसळता नळ बंद करी.
(हे तिनंच कळवलं. पत्रं मी उघडायची.)

थेरॉन बीस्ली. सॅनपीट खोऱ्यातले.
म्हणायचे, आवाज मला पाटावर सापडला.
रात्री दोनला पाण्याची पाळी,
बारा वर्षांचा पोर, हातात कंदील,
वरच्या शेतातल्या सोरेनसनला हाळी द्यायची:
सोडा!
मोठ्यानं ओरडलं की कुत्री भुंकत, गाव जागं होई.
हळू बोललं की पाणी येत नसे.
या दोहोंच्या मधला जो आवाज,
त्यावर पुढे चाळीस वर्षं निभावली.

विशीत लीड्सच्या धुक्यात दारं ठोठावली.
एका म्हातारीनं आत घेतलं, चहा पुढे केला.
चहा आम्हाला वर्ज्य.
तिचा उतरलेला चेहरा त्यांनी
निदान सहा भाषणांत वापरला,
आणि प्रत्येक वेळी मला वाटलं,
अजून तो कप त्यांनी खाली ठेवलेला नाही.

मग बिशप झाले, मग त्याहून वर.
टोंगाला विमानं, नव्या चॅपलांच्या कोनशिला,
सुटकेसमध्ये कायम एक इस्त्रीचा पांढरा शर्ट.
आर्डिथबाई फोनवर हसत म्हणायच्या,
"व्हर्ला, मलाही ते रविवारीच भेटतात, रेडिओवर.
फक्त मी पत्र टाकत नाही."

एका मे महिन्यात सीडर सिटीकडून पत्र आलं,
मेंढपाळाचं, चाऱ्याच्या पावतीमागे लिहिलेलं.
"तुम्ही म्हणालात, पहाटेवर भरवसा ठेवा.
आमच्याकडे त्या दिवशी दोनदा उजाडलं.
आधी पश्चिमेला.
नंतर राख पडली, आणि कोकरं जन्मली ती लोकरीविना.
सरकारी माणूस म्हणतो, चारा वाईट होता.
पावती मागे आहे, बघा, चारा चांगलाच होता.
तुमचा आवाज लोक ऐकतात. तुम्ही विचारा.
ऑर्सन टिबेट."

त्यांनी लिहिलं. गुरुवारी रात्री, एकटाकी.
तीनशे चाळीस शब्द, एकही जास्त नाही.
मी टाइप केले. टिंबं दिली.
या वेळी टिंबं जवळजवळ पडली.
शनिवारी संध्याकाळी टोपी हातात घेऊन आले,
कागद परत मागितला, घडी घातली,
आणि रविवारी वाचलं ते जुनंच,
शेजाऱ्याच्या मोडक्या फाटकाबद्दलचं.
ऑर्गन वाजला.
नेब्रास्कात नळ बंद झाला असेल, चालू झाला असेल.

कार्बन प्रत मात्र त्यांनी मागितली नाही.
विसरले, की ठेवली माझ्याकडे?
अठरा वर्षं रोज त्यांच्या समोर बसले,
विचारलं नाही.
मीही त्याच खोऱ्यातली.

नोव्हेंबरात गेले.
मदत मंडळाच्या बायकांनी बटाटे भाजले,
हिरव्या जेलीचे सात वाडगे मी मोजले,
आणि जो तो म्हणत होता, काय आवाज होता.
आर्डिथबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.
कोटाच्या खिशातून निघालेली ती पावती,
घड्यांवर फाटून कापडासारखी मऊ झालेली.
"तुमच्या फायलीतलं दिसतंय."
समासात त्यांच्या अक्षरात: प्रिय बंधू ऑर्सन,
स्वल्पविराम,
पुढे काही नाही.

त्या रविवारी मी रेडिओ लावला नाही.
मागच्या पायरीवर बसून कार्बन प्रत वाचली,
मोठ्यानं, टिंबाटिंबाला थांबत.
साडेचार मिनिटं लागली.
माझ्या आवाजात काही विशेष नाही.
पलीकडच्या आळीत कुत्री भुंकू लागली.
मी वाचत राहिले.