वाजू दे

सिन्योरा अद्दोलोराता दुपारची गोळी घेऊन झोपली
की मी तिच्या नातवाचा जुना लॅपटॉप
इस्त्रीच्या टेबलावर उघडते.
पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकतो,
दोन कळा उडाल्या आहेत,
पण मला अक्षरं लागत नाहीत. आकडे पुरतात.

ब्राउझर विचारतो, मायक्रोफोन वापरू का?
रोज विचारतो, काल भेटलोच नव्हतो जणू.
वापर बाबा.

शिल्लक दोन युरो दहा सेंट.
त्किबुलीला, घरच्या फोनवर, मिनिटाला सतरा.
हे मला लामाराने शिकवलं,
रविवारी, मिनीबसच्या थांब्यावर,
जिथे आम्ही सगळ्या गावाकडची खोकी चढवायला जमतो:
ऑलिव्हचं तेल, नातवंडांचे बूट, वर नाव, दोरी.
त्याआधी स्टेशनमागच्या दुकानात
काचेच्या खोपटात उभं राहून बोलायचे,
बाहेरची बाई नाण्याने काचेवर टकटक करायची
आणि मी आईला सांगायचे, हो हो, जेवले.

आईला स्मार्टफोन दिला होता.
तिने तो पिठाच्या डब्यात ठेवलाय,
ओल लागू नये म्हणून.

पण तिच्या भिंतीवरच्या फोनवर माझा नंबर उमटत नाही.
कधी स्वीडनचा उमटतो, कधी नुसती शून्यं.
तिला वाटलं बँक.
बाबांच्या ऑपरेशनचं कर्ज, ज्याच्यापायी मी इथे, बारीत,
दुसऱ्याच्या आईची नखं कापते.
आठवडाभर उचललाच नाही.
मग एकदा उचलला, आवाज घोगरा काढून म्हणाली,
त्सिआला इथे राहत नाही.
आई, मी मक्वाला.
मक्वालाही इथे राहत नाही, म्हणाली
आणि ठेवला.
सतरा सेंट.

त्यानंतर खूण ठरली:
दोनदा वाजेल, कापेन, पुन्हा वाजेल, तेव्हा उचल.
आणि माझी अक्कल बघा, वर हेही सांगितलं
की नुसतं वाजलं तर पैसे पडत नाहीत.

जानेवारीत तीन दिवस उचलला नाही.
दोनदा, कापला, पुन्हा. दोनदा, कापला, पुन्हा.
मी इथे सिन्योराचं सूप ढवळत
तिथला बर्फ बघत होते, विझलेली चूल,
परसातल्या पायरीवर एक चप्पल.
शेवटी शेजारच्या गुलिकोच्या मोबाइलवर लावला,
मोबाइलला एकतीस पडतात, पडू देत.
गुलिको कुंपण ओलांडून गेली. तिच्या बुटांखालचा बर्फ
मला कानात करकरताना ऐकू आला,
पैसे देऊन ऐकला मी तो बर्फ.

अगं, ही तर फोनशेजारीच बसलीये, गुलिको म्हणाली,
अक्रोड फोडतेय.

आणि आई:
न उचलता फुकट असतं, तूच म्हणालीस ना?
वाजला की कळतं, तू आहेस, हातपाय धड आहेत.
मग उचलून कशाला घालवायचे?

मी ओरडले. एकतीस सेंटने मिनिटभर ओरडले.
मग दुसरं मिनिट लागलं आणि दोघीही गप्प होतो,
ते सगळ्यात महाग.

आता बुधवारी आणि रविवारी उचलते.
बाकीच्या दिवशी मी वाजवते, ती ऐकते.
पलीकडे घंटा स्वयंपाकघरभर फिरत असेल,
आलुबुखारच्या बरण्यांवरून, बाबांच्या कोटावरून,
मी सहा मोजते, सात,
नवव्याला तिचा अक्रोडांचा हात थांबत असेल
असं मला वाटतं. खात्री नाही.

आतून सिन्योरा विचारते, कोणी उचलत नाही का गं?
नाही, म्हणते मी.
मग ठेव की.
ठेवते. अजून एक.

शिल्लक दोन युरो दहा सेंट.
इस्त्री तापलीय. अभ्रे सात, चादरी दोन.