पालेर्मोचे दोन दिवस

बोटीवरचे सात दिवस संपले, तेव्हा हातात दोन उरले होते.
हेमकांतनं ते पालेर्मोसाठी राखलेले :
आता घाई नाही आई, नुसतं बसा, कॉफी प्या, लोक बघा.
मी धक्क्यावरच बॅगेवर बसले.
म्हटलं, सर, मला घरी न्या.
(गावभर त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही,
चित्रकलेच्या तासाला कधी बसले नाही तरी.)
तिकिटं बदलायचा दंड त्यांनी पेन्शनमधून भरला.
पोराला कळवलं नाही.

पहाटे चारला भुसावळ.
फैजपूरच्या बसला तासभर होता.
सर चहा फुंकत म्हणाले,
दोन दिवस अजून आपले आहेत की.
घरी गेलो तर कुलूप निघायच्या आत
अर्धी गल्ली फोटो बघायला येईल.

म्हणून स्टेशनसमोरचं लॉज, दुसरा मजला.
रजिस्टरात 'कुठून आले' या रकान्यात
सरांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं : पालेर्मो.
काउंटरवरचा पोरगा म्हणे, हे कोठी आलं?
बऱ्हाणपूरच्या पुढं, सर म्हणाले. लांब आहे.

खाट हलत होती.
खाट नव्हती हलत, मी हलत होते,
सात दिवसांचं पाणी अंगातून उतरेना.
डोळे मिटले की फरशी उजवीकडे कलायची
आणि मी गादीची कड धरून पडायची.
खालून मालगाडी गेली की बरं वाटे,
तेवढा वेळ सगळंच हलायचं.

दुपारी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी.
बोटीवर चोवीस तास जेवण मांडलेलं असे,
पाव किती तऱ्हेचे ते मोजता मोजता थकले,
आणि एकालाही तिखटाची ओळख नाही.
इथं पहिल्याच घासाला नाक वाहिलं,
सरांनी रुमाल दिला, स्वतःचंही पुसलं,
मग तर्री पुन्हा मागितली.

संध्याकाळी प्लॅटफॉर्म तिकिटं काढून
बाकावर बसलो. लोक बघायला सांगितलेलंच होतं.
एक पोरगा थांबलेल्या गाडीच्या काचेत भांग पाडत होता,
गाडी सुटली तरी कंगवा थांबेना,
डब्याडब्यातून त्याचं तोंड पुढं पुढं गेलं.
एक बाई केळ्याच्या घडावर डोकं ठेवून झोपलेली.
सर बोटीवरच्या मेनूच्या मागच्या कोऱ्या बाजूला
तिचे पाय काढत होते, फक्त पाय,
म्हणाले चेहरा उठल्यावर.
ती उठली नाही. आमचीच तिकिटांची वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी अन्वरच्या रिक्षातून तापीवर.
ऑक्टोबरचं ऊन, पाणी गढूळ, काठाला म्हशी.
सात दिवस निळंच बघितलेलं, इतकं निळं
की तोंड धुवायला जागा नाही असं वाटे.
इथं मी चपला काढून घोट्यापर्यंत उतरले.
तळाचा गाळ बोटांच्या फटीतून वर आला
आणि फरशी, म्हणजे ती आतली, थांबली.
मी सरांना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलं असतं, नक्की किती वाजता.

तिथंच हेमकांतचा फोन.
कसं आहे पालेर्मो?
ऊन आहे, मी म्हटलं. माणसं बरी आहेत.
समुद्रावर आहात का?
पाण्यातच उभी आहे.
तेवढ्यात एक म्हैस हंबरली, सविस्तर.
पलीकडे जरा शांतता.
मग तो म्हणाला, तिकडच्या गाई मोठ्या असतील.
मी म्हटलं, हो रे, खूपच.
त्याला कळलं की नाही, अजून ठाऊक नाही.
दोघांनीही परत विषय काढलेला नाही.

रात्री सर लॉजचा पंचा घेऊन बसले.
बोटीवर रोज कुणीतरी पलंगावर
टॉवेलचा हत्ती करून ठेवायचं.
घडी पाठ आहे म्हणाले.
पंचा विरलेला, सोंड उभी राहीना,
कान झाले, पाय झाले, सोंड पुन्हा पुन्हा खाली.
शेवटी माझा चष्मा त्याच्या अंगावर टेकवला
आणि दिवा घालवला.

सकाळी बसमध्ये चष्मा आठवला.
बस तेव्हा तापीच्या पुलावर होती.
सर म्हणाले, राहू दे,
नाहीतरी परत यायला काहीतरी लागतंच.