खरी प्रत

आज शेवटची तारीख.
सकाळपासून दुकानात नुसते फॉर्म.
कुणाची टीसी, कुणाचा उत्पन्नाचा दाखला,
सोनकांबळेच्या पोरीचं आधार, पाठपोट एकाच कागदावर.
मी झाकण उघडतो, कागद ठेवतो, दाबतो.
हिरवा उजेड इकडून तिकडं जातो
आणि कुणीतरी बी.ए. प्रथम वर्षाला लागतं.

उदगीरच्या बसस्टँडसमोर, दोन रुपयाला एक.
इथं फार बोलावं लागत नाही
म्हणून तर दोन वर्षं टिकलो.
किती प्रती, हे गिऱ्हाईक बोटांनी सांगतं,
पैसे मी बोटांनी.

वर्गात बोटं चालायची नाहीत.
केंद्रे सर झरझर हजेरी घ्यायचे.
बिरादार हणमंत म्हणले की
माझ्या घशात 'हजर'चा ह अडकायचा,
चढावर बंद पडलेल्या टमटमसारखा.
मागून पोरं ढकलायची, ह ह ह ह.
सर तोवर पुढच्या नावावर.
तिसऱ्या बाकावर बसून
मी एकशे चार दिवस गैरहजर होतो.

बारावीला तोंडी परीक्षेत वीसपैकी सहा.
टीसीवर मात्र लिहिलंय, वर्तणूक चांगली.
असणारच.

माय दाळमिलमधून येते, केसांत तुरीचा भुसा.
म्हणते, शिकून का करलालास ते सांग.
भाकर उलटवते, मग म्हणते,
न शिकून तरी का करलालास.
बाप म्हणतो, तुझं तू बघ बाबा,
आणि रात्री बाराला उगाच
ऑटोची काच पुसत बसतो.

परवा कॉलेजच्या गेटापर्यंत गेलो होतो.
शिपायानं विचारलं, कोण पाहिजे?
म्हणलं, झेरॉक्सचे पैसे घ्यायचेत.
एका दमात निघालं.
खोटं कधी अडकत नाही.

साडेचारला गर्दी ओसरली.
दप्तरातली माझी मार्कशीट काढून काचेवर पालथी घातली.
प्रत गरम निघाली.
गल्ल्यात दोन रुपये टाकले.
खाजाभाई बघत होते. म्हणले,
जायचं तर जा, टोनर तेवढं बदलून जा.

आधी म्हणे साहेबाची सही लागायची,
हा कागद खरा आहे म्हणून.
आता ज्याचं त्यानंच लिहायचं.
दिवसभर लोकांना हेच दाखवतो मी,
कागदावर बोट ठेवून,
इथं. खाली. सही.

इथं.
खाली.
हणमंतचा ह लिहिला.
हात कुठं थांबला नाही,
वळण घेऊन सरळ पुढं गेला, ण, मं, त.
मीच बघत राहिलो जरा वेळ.

कॉलेजची खिडकी साडेपाचला बंद होते.
चालत बारा मिनिटं.
तिथंही हजेरी असणार,
आणि पहिल्या बाकापासून सुरू होणार.

पाच वाजून चार मिनिटं.
टोनर अजून बदलायचंय.