कपात

वर्षाचा तिसरा हप्ता. डॅन्यूब गोठलेली.
निशाणवाला मी, म्हणून पतपेढीही माझ्याच गळ्यात:
निशाणांच्या देवळाखालचा तो ओलसर खड्डा.

दासियुस, पंचाहत्तर दिनार.
वजा गवत. वजा जोडे, मोजे.
वजा सणाची मेजवानी,
जिच्या रात्री तू पहाऱ्यावर कुडकुडत होतास.
संडास-सफाईतून सुटायला
शताधिपतीच्या हातावर काय टेकवलंस
ते माझ्या पाटीवर नाही,
त्याच्या द्राक्षवेलीच्या छडीला ठाऊक.

उरले नऊ.
हसला. म्हणाला, "राहू दे खड्ड्यातच.
पंचवीस वर्षं भरली की जमीन घेईन,
उतारावरची."

बर्फ ओलांडून गेलेल्या तुकडीतून
काल त्याचे जोडे तेवढे परत आले.
टाचा अजून झिजलेल्या नाहीत.

मापाचा कुणी असेल तर सांगा.
पैसे पुन्हा कापावे लागतील.