उत्तर

दुसऱ्या वर्षाला पहिल्या तासाला सांगतात:
कोऱ्या कागदावर आधी उत्तर काढा.
वरच्या कोपऱ्यात एक बाण, बारीक, मिजास न करणारा.
बाकी सगळं नंतर.
आमच्याकडे, दक्षिण गोलार्धात, ऊन उत्तरेकडून येतं;
बाकांची तोंडं, भिंतींची ऊब, सावल्यांची लांबी,
सगळा हिशेब त्या बाणाशी.

आमची साइट म्हणजे क्राइस्टचर्चमधली नदीकाठची एक गल्ली,
जिच्यात आता घरं नाहीत.
भूकंपात जमिनीने राखाडी गाळ ओकला,
मग सरकारने घरं विकत घेतली, पाडली, गवत पेरलं.
झाडं राहिली. त्यांना नोटीस गेली नव्हती.
दोन कॅमेलिया समोरासमोर, मधे दार नाही.
लिंबाचं झाड, पाठीला भिंत नाही.
आणि गुलाबांची एक सरळ रांग,
शेजाऱ्यांचं जुनं भांडण अजून धरून.

ब्रायोनीने टेप धरला, मी आकडे लिहिले.
खोडाचा घेर, फांद्यांचा पसारा.
एकास दोनशे प्रमाणात प्रत्येक झाड म्हणजे वर्तुळ,
राखायचं ते सलग रेघेचं,
काढायचं ते तुटक.
सतरा नंबर: प्लम, परदेशी, खोड पोकळ. तुटक.
तुटक वर्तुळाला वेळ जास्त लागतो,
तेव्हा त्याचा मला फक्त कंटाळा आला होता.

नोएलीन आली आइस्क्रीमचा रिकामा डबा घेऊन,
रबरी बूट, एका कानात यंत्र,
थेट सतरा नंबरखाली.
"तू माझ्या न्हाणीघरात उभी आहेस, बरं का."
मी दोन पावलं सरकले.
"आता फ्रीजमध्ये."
हसली. वाकडी फांदी दाखवली,
ग्लेनने लोंबकळून लोंबकळून वाकवलेली,
ग्लेन आता पर्थला असतो, फोन करतो रविवारी.
मग माझ्या कागदावर वाकून म्हणाली,
"यात माझं कुठलं?"
मी बोट ठेवलं.
"हे असं तुटक का?"
फांद्या विरळ आहेत ना, मी म्हटलं, म्हणून.
इतकं सफाईदार खोटं
मला कुठल्या तासाला शिकवलं, आठवत नाही.
"विरळ झाल्यात खऱ्या," ती म्हणाली,
आणि माझ्या ओंजळीत सात प्लम ठेवले.

रात्री स्टुडिओत राविरीला विचारलं,
माती आणि पाणी तो शिकवतो आम्हाला.
त्याने माझ्या नकाशावर बटर पेपर पसरला,
न बोलता एका रेघेत दलदल काढली,
लव्हाळी, ईल माशांची वाट,
त्याच्या पणजीच्या माणसांनी सापळे लावायच्या जागा.
"ही गेली तेव्हाही कुणी नोटीस दिली नव्हती.
आता नदीला रुंद व्हायचंय.
वीस वर्षांनी सतरा नंबर पाण्यात असेल,
तू काढ नाहीतर ठेव."
मग एक प्लम उचलून खाल्लं,
बी कितीतरी वेळ गालात धरून बसला.
"गोड आहे पण," म्हणाला. दिवा लावून ठेव म्हणाला. गेला.

पहाटे तीन वाजता मी बारीक पेन घेतलं
आणि तुटक रेघेतल्या फटी
एकेक करून भरू लागले.
अर्ध्यावर हात थांबला.
का, ते मला धड सांगता येणार नाही.
अर्धं वर्तुळ सलग, अर्धं तुटक,
दलदलीकडची बाजू उघडी.

परीक्षक चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या,
"हे चिन्ह तुमच्या सूचीत नाही."
वाढवते, म्हटलं.
सूचीच्या तळाशी ते पुन्हा काढलं,
पुढे काय लिहावं ते मात्र सुचेना,
अजून कोरंच आहे.

गुण बेताचे आले. ब्रायोनीला माझ्यापेक्षा बरे.
शेऱ्यात दोनच ओळी:
सूची अपुरी. कागदावर डाग.
आणि त्याखाली, पेन्सिलने, घाईघाईत:
उत्तर बरोबर.