ते

रविवारी साडेनऊ ते अकरा
रामबागेत, सहकारी बँकेच्या वरच्या खोलीत
मी इंदूरच्या पोरांना मराठी शिकवते.
आडनावं शाबूत आहेत : दिघे, मुळ्ये, टोणगावकर.
जिभेवर मात्र जिरावण आणि हिंदी.
"मॅम, माझा पुस्तक घरी राहून गेला."
माझं, मी म्हणते. राहिलं. ते पुस्तक.
"पण ते का?"

याला उत्तर नाही.
हिंदीत दोनच खोल्या आहेत,
आपल्याकडे मागे एक पडवीही आहे, एवढंच सांगता येतं.
खालून कचऱ्याची गाडी गात जाते.
या गावात कचऱ्याचे डबे सहा
आणि लिंगं दोन.

आज फळ्यावर तीन रकाने आखले.
तो : वारा, दिवा, गाभारा.
ती : नदी, वात, भूक.
ते : पाणी, झाड, अंडं, रताळं.
गराडू तो की ते, यावर मतदान झालं.
मग रेवा टोणगावकर, वय सात,
पुढचे दोन दात पडलेले,
"देव तो, देवी ती. ते कोण?"

दैवत, मी म्हटलं. ते दैवत.
"ते मुलगा आहे का मुलगी?"
दोन्ही नाही.
"मग त्याला बाळ होतं का?"

पोरं हसली.
अंशुल दिघे म्हणाला, देव डायरेक्ट मोठेच येतात.
कुणी म्हणालं, पार्वतीने मळाचा केला होता,
तेव्हा शंकर घरी पण नव्हता.
"आणि अर्धा शंकर, अर्धी पार्वती असतात तेव्हा?"
रेवाने आपल्याच फ्रॉकवर
गळ्यापासून बेंबीपर्यंत बोटाने उभी रेघ ओढली.
"पोट कुणाच्या साइडला येतं?"

मी खडू खाली ठेवला.
मूर्ती घडवणाऱ्याला हे विचारायला हवं.
जटा इकडे, वेणी तिकडे, साप याचा, कंकण तिचं,
एक स्तन, एक सपाट छाती,
सगळं न भांडता वाटून घेतलेलं.
पोट मात्र सलग.
तिथे छिन्नी कुणाचीच बाजू घेत नाही.
हे मी पोरांना सांगितलं नाही.

जुन्या पलासियातलं नर्सिंग होम, डिसेंबर,
बारा वर्षं झाली.
सिस्टर चांगली होती, माझा हात धरून म्हणाली,
"बच्चा नहीं रहा."
दहा आठवडे. कळण्यासारखं काही नव्हतंच,
पण तिच्या भाषेत त्याला आधी मुलगा व्हावं लागलं
आणि मग नसावं लागलं.
मी रात्री बोलायचे तेव्हा ते होतं.
ते झोपलंय. त्याला गराडू सोसत नाही.
तिसऱ्या रकान्यात, पाणी आणि झाड यांच्या मधे कुठेतरी,
अजून काही असण्याची घाई नसलेलं.

श्रीरंग अजून म्हणतो, असता तर.
मी म्हणते, असतं तर.
बारा वर्षांत आमचं खरं भांडण एवढंच :
त्याच्या शब्दाला काना,
माझ्या शब्दावर नुसतं टिंब.
पडद्यावरही डॉक्टरांनी तेवढंच दाखवलं होतं.

रेवाला उत्तर हवं होतं.
मी सांगायच्या आतच तिने वहीत लिहून टाकलं :
दैवतला बाळ होतो.
मी "ला"च्या आधी काना दिला.
"तो" खोडला, "त" लिहिला, वर टिंब ठेवलं,
जरा जास्तच दाबून; पलीकडच्या पानावर उमटलं.
दैवताला बाळ होतं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं.
"मॅम, होतं म्हणजे, होत असतं,
का पहिले होतं, आता नाही?"

अकरा वाजून गेले होते.
खाली तिच्या बाबांचा स्कूटर,
त्यांची स्कूटर,
हॉर्न देत होती.